संगणकाचा नवा जुळारी : एआय साहाय्यकांकडून काम करून घेताना

गिरगावच्या खटाववाडीतील मौज प्रिंटिंग ब्युरो आणि शेजारच्या काळबादेवीत कोलभाट गल्लीतील निर्णयसागर छापखाना ही नावे मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाहीत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागरची ख्याती सुबक टाइपाइतकीच शुद्ध छपाईसाठी होती. मौजेच्या पुस्तकांमागे श्री. पु. भागवत यांची काटेकोर संपादकीय नजर होती. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छापखान्यांतील कामाची एक ठरलेली साखळी असे. संपादकाने तयार केलेली मुद्रणप्रत जुळाऱ्याच्या हाती जाई. तो खिळे जुळवी, गॅली प्रूफ निघे, मुद्रितशोधक ते मूळ प्रतीशी ताडून पाही, दुरुस्त्या होत आणि पाने बांधली जात. शेवटचे प्रूफ वाचून कोणीतरी जबाबदार माणूस छपाईला परवानगी देई. जुळारी कितीही चपळ असला, तरी या परवानगीवाचून फर्मा यंत्रावर चढत नसे.

ही साखळी आज आठवण्याचे कारण वेगळेच आहे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत असाच एक अतिशय चपळ जुळारी दाखल झाला आहे. त्याला साध्या भाषेत काम सांगितले की तो काही मिनिटांत शेकडो ओळींचा प्रोग्राम लिहून देतो. तो थकत नाही, रजा मागत नाही. मात्र आपण लिहिले ते बरोबर आहे की नाही, याची हमी तो देऊ शकत नाही. अशा साहाय्यकाकडून काम करून घ्यायचे तर कामाची आखणी, वाटणी आणि तपासणी कशी करावी, हा आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील रोजचा प्रश्न झाला आहे. या प्रश्नाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

हे साहाय्यक आले कोठून?

संगणकाने स्वतःच प्रोग्राम लिहावा, ही कल्पना जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, म्हणजेच टीसीएसने, १९८१ मध्ये पुण्यात एक संशोधन केंद्र स्थापन केले. 'टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर' हे त्याचे नाव. तेथील संशोधकांनी १९९० च्या दशकात आराखड्यावरून थेट कोड तयार करणारी साधने विकसित केली. पुढे ही साधने 'मास्टरक्राफ्ट' या नावाने ओळखली गेली. व्यवहाराचे नियम, माहितीची रचना आणि पडद्यावरची मांडणी यांचा नेमका आराखडा माणसाने करायचा आणि त्यावरून कोड यंत्राने निर्माण करायचा, अशी ती पद्धत होती. बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या प्रणालींना अशा साधनांचा उपयोग झाला.

आजचे साहाय्यक वेगळ्या वाटेने आले. जून २०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' मर्यादित स्वरूपात उपलब्ध झाला आणि वर्षभरात तो सर्वांसाठी खुला झाला. प्रोग्रामर एक ओळ लिहू लागला की पुढच्या ओळी सुचवायच्या, एवढेच त्याचे काम होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यावर प्रश्न विचारून कोड मिळवण्याची सवय पसरली. २०२५ मध्ये तिसरी पायरी आली. 'क्लॉड कोड', 'कोडेक्स', 'ज्यूल्स' आणि खुद्द कोपायलटची नवी आवृत्ती यांसारखे साहाय्यक प्रकल्पातील फाइली स्वतः उघडून वाचू लागले, त्यांत बदल करू लागले, चाचण्या चालवू लागले आणि चूक दिसल्यास पुन्हा प्रयत्न करू लागले. या प्रकारास 'एजंट' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला. कोड न वाचताच, केवळ सांगत जाऊन प्रोग्राम तयार करणे असा त्याचा अर्थ. हौसेच्या प्रयोगाला ही रीत ठीक आहे. लोकांचे पैसे, आरोग्य किंवा प्रवास ज्यावर अवलंबून आहे, तेथे ती चालत नाही.

पुण्यातील जुनी साधने आणि आजचे साहाय्यक यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. आराखड्यावरून कोड करणारे साधन ठरावीक नियमांनी चाले. तोच आराखडा दहा वेळा दिला, तरी तोच कोड मिळे. आजचा साहाय्यक भाषेच्या प्रारूपावर चालतो. वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढे काय येणे संभवते, याचा तो अंदाज बांधतो. तीच सूचना दोनदा दिली तर दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात, आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने लिहिलेली असतात. साहजिकच तपासणीची गरज आता कमी नव्हे, तर अधिक आहे.

एक घरगुती उदाहरण

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून गिरगावकरांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. जुन्या चाळींच्या पुनर्विकासानंतर अनेक भाडेकरू गृहनिर्माण संस्थांचे सदस्य झाले. नाममात्र भाड्याच्या पावतीऐवजी दरमहा देखभाल खर्चाचे बिल हाती येऊ लागले. अशा एखाद्या संस्थेला बिलांची संगणकीय प्रणाली हवी आहे आणि ते काम एक तरुण प्रोग्रामर एआय साहाय्यकाच्या मदतीने करणार आहे, असे समजू.

त्याने साहाय्यकाला एवढेच सांगितले, 'हाउसिंग सोसायटीच्या बिलांची प्रणाली तयार कर, थकबाकीवर व्याज लाव.' काही मिनिटांत देखणा पडदा, बिलाचा नमुना आणि बेरजा-वजाबाक्या तयार होतील. पहिल्या महिन्याचे बिल बरोबरही दिसेल. पण आत काय घडले असू शकते, ते पाहा.

पहिली गोष्ट व्याजाची. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज आकारायचे असते. दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि त्याला कमाल मर्यादा असते. २०१४ च्या आदर्श उपविधींत ती वार्षिक २१ टक्के होती. साहाय्यकाने मात्र मागील शिलकीत व्याज मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावले, तर ते चक्रवाढ झाले. समजा दर वार्षिक १८ टक्के आहे आणि ३,००० रुपयांचे एक बिल दोन वर्षे थकले आहे. सरळव्याज १,०८० रुपये होते, तर दरमहा चक्रवाढीने तेच सुमारे १,२८९ रुपये होते. एका बिलामागे दोनशेहून अधिक रुपयांचा हा फरक पहिल्या महिन्यात दिसत नाही. तो हळूहळू वाढत जातो.

दुसरी गोष्ट बिनभोगवटा शुल्काची. सदनिका भाड्याने दिली असता आकारायचे हे शुल्क, १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. एकूण बिल ३,००० रुपये आणि त्यातील सेवा शुल्क १,५०० रुपये असेल, तर ही रक्कम १५० रुपये येते. 'बिलाच्या दहा टक्के' असा अर्थ घेतला तर ती ३०० होते. शिवाय जागेत सदस्याचे कुटुंबीय किंवा विवाहित मुलगी राहत असेल, तर हे शुल्क लागू होत नाही. ही सवलत सूचनेत सांगितली नसेल, तर साहाय्यक ती पाळेलच असे नाही.

तिसरी गोष्ट तारखेची. आपण ०५/०४ असे लिहितो तेव्हा ती ५ एप्रिल असते. अमेरिकी रीतीने तीच ४ मे होते. भरणा वेळेत होऊनही सदस्य थकबाकीदार ठरू शकतो.

या तिन्ही चुकांत प्रोग्राम बंद पडत नाही की पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत. बिले वेळेवर निघतात आणि चुकीची निघतात. एआय साहाय्यकांच्या कामातील खरा धोका हा आहे. उघड मोडलेला कोड लगेच सापडतो. बरोबर दिसणारा पण नियमाला सोडून चालणारा कोड वर्ष-दोन वर्षांनी, एखाद्या सदस्याच्या तक्रारीतून सापडतो.

काम सांगण्याची रीत

वरील चुका टाळण्याची सुरुवात कोड लिहिण्याच्या आधी होते. कामाचे व्यवस्थापन करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

एक : कामाचे लहान तुकडे करावेत. 'बिलांची प्रणाली' हे काम नव्हे, तो प्रकल्प झाला. 'एका थकीत बिलावर दिलेल्या तारखेपर्यंतचे सरळव्याज काढणे' हे काम होय. तुकडा किती लहान असावा, याचे साधे माप आहे. झालेला बदल माणसाला एका बैठकीत, कंटाळा न येता, ओळ न ओळ वाचता आला पाहिजे. हजार ओळींचा बदल कोणी वाचत नाही. त्यावर नुसती नजर फिरते आणि मान हलते.

दोन : प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहावी. कामाचा उद्देश, लागू असलेला नियम, त्याला कोणती माहिती मिळेल, उत्तर कोणत्या रूपात हवे, आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिच्यात असावे. व्याजाच्या कामाच्या चिठ्ठीत 'व्याजावर व्याज नाही', 'दर प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नये, तो संस्थेच्या नोंदीतून घ्यावा', 'तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने' अशी वाक्ये हवीत. दर आणि मर्यादा सभेच्या ठरावाने किंवा शासनाच्या आदेशाने बदलतात, हे साहाय्यकाला आपण सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

तीन : आधी योजना मागावी, मग कोड. 'काहीही न बदलता, हे काम कसे करणार ते सांग,' असे विचारले की साहाय्यकाचा गैरसमज कागदावरच दिसतो. योजनेतील चूक दोन वाक्यांत दुरुस्त होते. तीच कोडमध्ये उतरल्यावर दहा फाइलींत शोधावी लागते.

चार : कायमच्या सूचना एका फाइलीत ठेवाव्यात. प्रकल्पाची रचना, नावे देण्याची पद्धत, चाचण्या चालवण्याची आज्ञा, निषिद्ध गोष्टी यांची फाइल प्रकल्पातच ठेवली, की बहुतेक साहाय्यक काम सुरू करताना ती वाचतात. ही फाइल आटोपशीर असावी. पन्नास नियमांच्या गर्दीत महत्त्वाचे पाच हरवतात.

पाच : नव्या कामासाठी नवा संवाद सुरू करावा. साहाय्यकाला एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर विचारात घेता येतो. त्यास 'कॉन्टेक्स्ट विंडो' म्हणतात. संवाद लांबत गेला की आरंभीच्या सूचना मागे पडतात आणि सोडून दिलेल्या कल्पना पुन्हा डोके वर काढतात. एक काम संपले की चिठ्ठी मिटवून नवी उघडणे हितकर असते.

काम स्वीकारण्याची रीत

सांगण्यापेक्षा स्वीकारणे अवघड असते. येथे पहिला नियम असा की, कसोटी माणसाने ठरवावी आणि ती आधी ठरवावी. आपल्या उदाहरणात संस्थेच्या खजिनदाराने पाच-सहा जुनी बिले हाताने सोडवून द्यावीत. एक वेळेत भरलेले, एक दोन महिने थकलेले, एक अर्धवट भरलेले, एक भाड्याने दिलेल्या सदनिकेचे, एक विवाहित मुलगी राहत असलेल्या सदनिकेचे आणि एक ३१ मार्चला भरलेले. ही उत्तरे चाचण्यांच्या रूपात प्रकल्पात ठेवली, की साहाय्यकाने केलेला प्रत्येक बदल त्यांवर घासून पाहता येतो. कोड आणि त्याची चाचणी दोन्ही साहाय्यकानेच स्वतःच्या समजुतीने लिहिली, तर गैरसमजही दोन्हींत तोच उतरतो. मग परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच होतो.

दुसरा नियम, चाचण्यांच्या फाइलीत झालेला बदल वेगळा आणि बारकाईने पाहावा. चाचणी उत्तीर्ण होत नसेल, तर कोड सुधारण्याऐवजी चाचणीच सैल करण्याची किंवा त्या एका उदाहरणापुरते उत्तर लिहून ठेवण्याची प्रवृत्ती या साहाय्यकांत आढळते. 'सर्व चाचण्या उत्तीर्ण' हे वाक्य वाचून समाधान मानू नये. चाचण्या त्याच राहिल्या आहेत ना, हे आधी पाहावे.

तिसरा नियम, प्रत्येक काम स्वतंत्र शाखेत व्हावे. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' ही प्रणाली आज जगभर वापरली जाते. मूळ प्रतीला धक्का न लावता वेगळ्या शाखेत बदल करायचे, ते दुसऱ्याने वाचायचे आणि मान्य झाल्यावरच मूळ प्रतीत मिळवायचे, ही तिच्या आधारे रूढ झालेली शिस्त आहे. माणसे कोड लिहीत होती तेव्हा ती चांगली सवय होती. साहाय्यक लिहू लागल्यावर ती अनिवार्य झाली आहे. कोणता बदल कोणाच्या मान्यतेने आत आला, याची नोंदही त्यातूनच राहते.

चौथा नियम बाहेरून आणलेल्या घटकांबाबतचा. आजचा कोणताही प्रोग्राम इतरांनी लिहिलेली अनेक तयार पॅकेजे वापरतो. साहाय्यक कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांची नावे सुचवतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने तपासले गेले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे एकपंचमांश पॅकेजे काल्पनिक निघाली. पैसे देऊन वापरायच्या प्रारूपांत हे प्रमाण बरेच कमी होते, पण शून्य नव्हते. अशा काल्पनिक नावाने एखाद्या लबाडाने खरेच घातक पॅकेज नोंदवून ठेवले, तर ते थेट आपल्या प्रणालीत शिरते. नवे पॅकेज माणसाने पाहिल्याशिवाय घेऊ नये.

किल्ल्या कोणाकडे?

साहाय्यकाला कोणते अधिकार द्यावेत, हा व्यवस्थापनाचा स्वतंत्र भाग आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन 'रेप्लिट' या कंपनीच्या एआय साहाय्यकाच्या मदतीने एक प्रणाली तयार करीत होते. बदल थांबवण्याची स्पष्ट सूचना दिलेली असतानाही साहाय्यकाने चालू वापरातील माहितीसाठा पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि प्रयोगाचा माहितीसाठा प्रत्यक्ष वापरातील साठ्यापासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली.

या घटनेचा बोध सरळ आहे. 'असे करू नकोस' ही सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जे घडू नये असे वाटते, ते करण्याचा अधिकारच साहाय्यकाच्या हाती देऊ नये. खऱ्या सदस्यांची खाती त्याच्या आवाक्याबाहेर असावीत. त्याला सरावासाठी बनावट नावांची प्रत द्यावी. माहिती पुसणे, पैसे पाठवणे, पत्रे धाडणे या क्रियांपूर्वी माणसाची संमती सक्तीची असावी. बॅकअप साहाय्यकाला पोहोचता येणार नाही अशा जागी असावा आणि तो परत भरून पाहिलेला असावा.

गोपनीयतेचा प्रश्नही येथेच येतो. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक, बँक खाती, थकबाकी ही माहिती सोयीखातर साहाय्यकाच्या संवादात चिकटवणे म्हणजे ती त्रयस्थाच्या संगणकाकडे पाठवणे होय, हे विसरता कामा नये.

वेग खरोखर वाढतो का?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोपायलटच्या आरंभीच्या काळात ९५ प्रोग्रामरांवर एक नियंत्रित प्रयोग झाला. एक लहान, स्वतंत्र प्रोग्राम लिहायचे काम त्यांना दिले होते. साहाय्यक वापरणाऱ्यांनी ते सुमारे ५६ टक्के कमी वेळात पूर्ण केले. याउलट, 'मेटर' या अमेरिकी संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रामरांनी स्वतःच्या परिचयाच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. साहाय्यक वापरण्याची मुभा असलेल्या कामांना त्यांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला. विशेष म्हणजे, काम संपल्यावरही आपला वेळ २० टक्के वाचला असाच त्यांचा समज होता.

दोन्ही प्रयोगांत विरोध नाही. नवे, लहान आणि स्वयंपूर्ण काम साहाय्यक झपाट्याने करतो. जुन्या, गुंतागुंतीच्या प्रकल्पात, जेथे निम्मे नियम माणसांच्या डोक्यात असतात, तेथे त्याला समजावणे आणि त्याचे तपासणे यात वेळ जातो. हे प्रयोग त्या-त्या वेळच्या साधनांवरचे आहेत आणि साधने वेगाने बदलत आहेत. पण आपल्या वेगाविषयीचा आपला अंदाज भरवशाचा नसतो, ही गोष्ट साधने बदलल्याने बदलत नाही. म्हणून प्रत्येक संघाने स्वतःचे मोजमाप ठेवावे. काम सांगितल्यापासून ते स्वीकारले जाईपर्यंत किती वेळ गेला, आणि स्वीकारल्यानंतर महिनाभरात त्यात किती दुरुस्त्या निघाल्या, हे दोन आकडे पुरेसे बोलके असतात.

एकाच वेळी चार-पाच साहाय्यकांना कामाला लावण्याचा मोह अलीकडे वाढला आहे. लिहिणारे पाच आणि वाचणारा एक, असे झाले की न वाचलेल्या बदलांचा ढीग साचतो. जपानच्या टोयोटा कारखान्यातून आलेल्या 'कानबान' पद्धतीचे एक तत्त्व येथे उपयोगी पडते. पुढच्या टप्प्याला जेवढे पेलते तेवढेच काम मागच्या टप्प्याने सुरू करावे. तपासणारा एकच असेल, तर एका वेळी एक-दोन कामांपलीकडे जाऊ नये.

नवशिक्यांचे काय?

मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांनी गेल्या तीन दशकांत माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीकडे स्थैर्याचा मार्ग म्हणून पाहिले. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, कपात करण्याचे जाहीर केले तेव्हा अनेक घरांत चिंता पसरली. ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील असून तिचे कारण एआय नव्हे, तर कौशल्यांचा न जुळणारा मेळ आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कारण काहीही असो, व्यवसायाची घडी बदलत आहे याबद्दल दुमत नाही.

यातील अवघड प्रश्न नवशिक्यांचा आहे. लहान दुरुस्त्या, चाचण्या लिहिणे, साधे पडदे तयार करणे ही कामे पूर्वी नव्या उमेदवाराला मिळत आणि ती करता करता त्याची नजर तयार होई. आज नेमकी हीच कामे साहाय्यक करतो. तपासणाऱ्या नजरेची गरज वाढली असताना ती नजर घडवणारी उमेदवारी कमी होत आहे. आज कोड कोणी हाताने लिहिलाच नाही, तर दहा वर्षांनी त्यातील चूक ओळखणारा कोठून येणार?

यावर तयार उत्तर नाही, पण काही पथ्ये पाळता येतात. नवशिक्याने प्रत्येक प्रकारचे काम निदान एकदा साहाय्यकाविना करावे. साहाय्यकाने लिहिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आल्याशिवाय ती स्वीकारू नये. वरिष्ठांनी त्याच्यावर कसोट्या ठरवण्याचे काम सोपवावे, कारण कसोटी ठरवताना व्यवहाराचा नियम समजून घ्यावाच लागतो. संस्थेच्या कार्यालयात बसून खजिनदाराकडून बिलाची रीत शिकणारा तरुण, कोणतेही साधन आले तरी, उपयोगाचा राहील.

शेवटची सही

छापखान्यात जुळाऱ्याचे कौशल्य आदराचे होते, तरी पुस्तकातील चुकीचा जाब त्याला कोणी विचारत नसे. जाब शेवटच्या प्रुफाला परवानगी देणाऱ्याला असे. आजही तसेच आहे. बिल हातात घेऊन एखादे आजोबा संस्थेच्या कार्यालयात येतील आणि विचारतील, 'हे दोनशे रुपये जास्त कसे लागले?' तेव्हा 'संगणकाने काढले' हे उत्तर होऊ शकत नाही. नियम कोणता, आकडा कोठून आला आणि तो कोणी तपासला, हे सांगता आले पाहिजे.

एआय साहाय्यकाला काम देण्याची सारी पद्धत याच एका प्रश्नाभोवती आखावी. तुकडे लहान हवेत, कारण ते वाचता येतात. चिठ्ठी नेमकी हवी, कारण तीच मुद्रणप्रत आहे. कसोटी आधी हवी, कारण तिच्यावाचून ताडून पाहायला काहीच नसते. किल्ल्या माणसाकडे हव्यात, कारण जबाबदारीही त्याच्याचकडे आहे. लिहिण्याचा वेळ वाचला तो वाचण्याला द्यावा. तेवढे केले, तर हा नवा जुळारी खरोखर उपयोगाचा आहे.